बाबांची खुर्ची बाजारात

"खुर्चीसकट नेणार असशील तर येतो," बाबा म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं.

हा नकार होता, हे कोणत्याही शहाण्या माणसाला कळलं असतं. माझ्या बायकोला कळलंच. तिने स्वयंपाकघरातूनच सुस्कारा टाकला आणि भांडी जरा जास्त आवाज करत लावायला घेतली. मलाही कळलं होतं. पण मी तेव्हा हट्टाला पेटलो होतो, आणि हट्टाला पेटलेला माणूस समोरच्याचं बोलणं शब्दशः घेतो, कारण तेच त्याच्या सोयीचं असतं.

"ठरलं," मी म्हणालो. "रविवारी. खुर्चीसकट."

वर्तमानपत्र किंचित खाली आलं. त्यावरून दोन डोळे माझ्याकडे बघत राहिले आणि मग पुन्हा आत गेले.

आई गेल्यापासून बाबा त्या खुर्चीत होते. म्हणजे झोपायला पलंगावर जात आणि आंघोळीला न्हाणीघरात, पण बाकी सगळा दिवस खिडकीजवळच्या त्या लाकडी खुर्चीत. चांगली भक्कम, रुंद हातांची आणि मागे रेलणारी खुर्ची होती ती. जेवण तिथेच, चहा तिथेच, पाहुण्यांशी बोलणंही तिथूनच. डॉक्टर घरी येऊन त्यांचे गुडघे दाबून गेले, आणि मला दाराबाहेर बोलावून म्हणाले, "पायांना काहीही झालेलं नाही. पण असेच बसून राहिले तर होईल. मग उठायचं म्हटलं तरी उठता येणार नाही." त्या वाक्यानंतर माझी झोप उडाली होती. मी बाबांना बागेत चला म्हटलं, देवळात चला म्हटलं, चक्क माझ्या मेव्हण्याकडे चला म्हटलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळे, "बघू." नदीकाठच्या जुन्या बाजाराचं नाव काढल्यावर मात्र ते 'बघू' म्हणाले नाहीत. खुर्चीची अट घातली. मला वाटलं, एवढं तरी मिळालं.

हा बाजार आमच्या शहरात सगळ्यात जुना. तिथे कधीकाळी होड्यांतून माल उतरायचा. आता टेंपोतून उतरतो, पण होडी काठाला लागल्यावर वाजायची ती घंटा अजून संध्याकाळी वाजते, बाजार संपल्याचं सांगायला. दगडी कमानी, कमानींपुढे पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या, आणि पायऱ्यांवर माणसं. निम्मी माणसं विकत घ्यायला येतात आणि निम्मी नुसती बसायला. शहरातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिथे रोज कोणीतरी मोठ्या आवाजात देत असतं. आई तिथे दर आठवड्याला जायची. बटणं, बरण्यांशिवायची झाकणं, झाकणांशिवायच्या बरण्या, असं काहीबाही घेऊन यायची. पिशवी धरायला बाबा.

आता खुर्ची तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यायची, एवढंच काम होतं. मी ते गुपचूप करणार होतो. पण आमच्या इमारतीत गुपचूप फक्त पाणी बंद होतं, बाकी सगळं जाहीर होतं.

पहिले आले शेजारचे निवृत्त इंजिनिअर. यांना आम्ही पाठीमागे 'आराखडा' म्हणतो, कारण साधा खिळा ठोकायचा तरी ते आधी भिंतीवर पेन्सिलीने रेषा मारतात. त्यांनी खुर्चीला टेप लावली, जिन्याला टेप लावली, आणि डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले.

"तिरकी न्यावी लागेल," ते म्हणाले.

"हो, मलाही तसंच वाटलं."

"तुम्हाला वाटून उपयोग नाही. किती तिरकी, हा प्रश्न आहे."

मग आल्या तळमजल्यावरच्या वार्ताहर काकू. खुर्ची विकताय का, बाबांना कुठे ठेवून येताय का, आणि सुनेचं यावर काय म्हणणं आहे, हे तीन प्रश्न त्यांनी एका श्वासात विचारले आणि उत्तरांची वाट न बघता पुढच्या दाराशी गेल्या. दुपारपर्यंत मी वडिलांना खुर्चीसकट घराबाहेर काढतोय ही बातमी गच्चीपर्यंत पोचली होती. दोन माणसं मला जिन्यात भेटून म्हणाली, "वाईट वाटतं हो ऐकून."

खरा घोळ घातला इमारतीच्या सेक्रेटरींनी. रविवारी सामान हलवायला बंदी आहे, असं त्यांनी मला शांतपणे सांगितलं. नियम त्यांनीच केलेला असल्याने तो त्यांना तोंडपाठ होता.

"पण हे सामान नाही. माझे वडील त्यात बसणार आहेत."

सेक्रेटरी विचारात पडले. "माणूस बसलेला असेल तर ते सामान नाही. माणूस हलवायला बंदी नाही. पण रिकामी खुर्ची माझ्या दारावरून गेली, तर मला कारवाई करावी लागेल."

त्यामुळे रविवारी सकाळी असं ठरलं, की खुर्ची दुसऱ्या मजल्यापर्यंत रिकामी आणायची आणि मग बाबांना त्यात बसवून सेक्रेटरींच्या दारावरून न्यायचं. आराखडा पुढे, मी मागे, आणि बाजारापर्यंत न्यायला ठरवलेला टेंपोवाला मधे कुठेतरी अडकलेला. खुर्ची तिरकी केली. आराखड्यांनी सांगितलं तेवढीच तिरकी केली. ती वळणावर कठड्यात आणि भिंतीत अशी रुतून बसली, की ना वर ना खाली. वरून दूधवाला अडकला, खालून वार्ताहर काकू. काकूंना मात्र अडकल्याचं दुःख दिसलं नाही.

"डावा पाय काढा," आराखडा ओरडले.

"कोणाचा?" टेंपोवाल्याने घाबरून विचारलं.

तेवढ्यात वरून आवाज आला, "अरे मूर्खांनो, उलटी करा. उलटी! पाठ खाली!" बाबा कठड्याला धरून जिन्यावर उभे होते. एक पायरी उतरत होते आणि एक शिवी देत होते. "आणली कशी होती माहीत आहे का? उलटीच आणली होती. तुमच्या टेपा घाला चुलीत!" आम्ही खुर्ची उलटी केली. ती सरळ खाली गेली. आराखडा म्हणाले, की त्यांचाही शेवटी तोच विचार होता.

त्या गोंधळात बाबा एक अख्खा मजला स्वतःच्या पायांनी उतरले, हे माझ्या लक्षातच आलं नाही. माझं सगळं लक्ष भिंतीच्या उडालेल्या रंगाकडे होतं.

दुसऱ्या मजल्यावर बाबांना खुर्चीत बसवून आम्ही सेक्रेटरींसमोरून वाजतगाजत नेलं. वाजतगाजत म्हणजे टेंपोवाल्याचा मोबाईल वाजत होता. मग खुर्ची टेंपोत चढवून दोरीने बांधली. बाबा वर बसले, मी बाजूला दोरी धरून उभा. रस्त्याने लोक वळून बघत होते. एका सिग्नलला शेजारच्या बसमधल्या माणसाने बाबांना हात जोडले. बाबांनी अत्यंत गंभीरपणे हात वर करून स्वीकार केला. नंतर ते म्हणाले, की त्यांना वाटलं ओळखीचा असेल.

बाजाराला दोन दारं आहेत. माणसांच्या दाराला उंच जिना, आणि मालाच्या दाराला उतार. जिन्यावरून खुर्ची नेण्याची ताकद आता आमच्यात उरली नव्हती, म्हणून आम्ही मालाच्या दाराशी गेलो. तिथे हातात खडू घेतलेला एक दारवान होता.

"माणूस या दाराने जात नाही," तो म्हणाला. "माल जातो."

"खुर्ची माल आहे," मी म्हणालो. इमारतीत मी नेमकं याच्या उलट सिद्ध करून आलो होतो, पण निश्चयी माणसाने अशा बारीकसारीक गोष्टींत अडकून चालत नाही.

"मग वरचे आजोबा?"

"ते खुर्चीबरोबर आहेत."

दारवानाने टेंपोला एक फेरी मारली. "विकायला आणली आहे ना?"

मी एकदा उताराकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे पाहिलं, आणि "हो" म्हणालो. त्याने खुर्चीच्या हातावर खडूने मोठी फुली मारली. बाबांचा कोपर तिथेच होता, त्यामुळे अर्धी फुली त्यांच्या बाहीवर आली. "माल एकदा आत गेला की घंटा होईपर्यंत बाहेर येत नाही," तो म्हणाला. "विकला गेला तर गोष्ट वेगळी." मी तासाभरात परतायचा बेत केला होता. टेंपोवाल्याने हे ऐकलं, खुर्ची आत उतरवून दिली आणि माझ्याकडे न बघता गाडी सुरू केली.

जुन्या वस्तूंच्या ओळीत आम्हाला जागा मिळाली. एका बाजूला जुने दिवे विकणारी बाई, दुसऱ्या बाजूला शेवटची कमान, आणि कमानीखाली एक न्हावी, लाकडी खोक्यावर गिऱ्हाईक बसवून दाढी करणारा. पुढे नदी होती, पण आमच्या आणि नदीच्या मधे लोखंडी कपाटांची एक रांग उभी होती. बाबांना कपाटं दिसत होती. मी म्हणालो, "छान हवा आहे, नाही?"

मी छत्री हातात घेऊन उभा होतो. एक माणूस आला आणि माझ्या हातातली छत्री उघडून बघू लागला. "काडी वाकलीय," तो म्हणाला. "काय घेणार?"

"ही माझी छत्री आहे!"

"तुमचीच असणार. दुसऱ्याची कशी विकाल?"

दिवेवाली खो खो हसायला लागली. "दादा, खाली बसा आधी! नाहीतर अंगावरचा सदराही जाईल." मग तिने मला तिथली रीत सांगितली. या ओळीत दुकानं नाहीत, पाट्या नाहीत. विकणारा कोण आणि दमून टेकलेला कोण, हे कळायचं कसं? म्हणून जो उभा, तो विकणारा. जो बसला, त्याच्या वस्तूला कोणी हात लावत नाही. उभ्याने भाव ऐकला आणि नाही पटला, तर खाली बसायचं, म्हणजे विषय संपला. पण भाव ऐकूनही उभाच राहिला, तर सौदा पक्का. मागे फिरता येत नाही.

"आणि आजोबा?" मी खुर्चीकडे बोट दाखवलं. खुर्चीवरची फुली पाहून तीन-चार माणसं आधीच लांबून घुटमळत होती.

"आजोबा बसलेत ना, मग काळजी नाही. उठले की झालं!"

आई गेल्यानंतर त्या माणसाला जगात तेवढी एकच जागा उरली होती. ती गेली तर ते सरळ अंथरुणाला खिळतील, याबद्दल मला तेव्हा जराही शंका नव्हती. मी ताबडतोब इस्त्रीच्या विजारीसकट दगडावर बसलो आणि खुर्चीचा पाय घट्ट धरला.

"बाबा," मी म्हणालो, "काही झालं तरी उठू नका."

बाबांनी माझ्याकडे फार विचित्र नजरेने पाहिलं. गेलं वर्षभर मी या माणसाला सकाळ-संध्याकाळ 'उठा' म्हणत होतो. हात जोडून, रागावून, एकदा तर रडकुंडीला येऊन. आणि आता भर बाजारात त्यांच्या पायाशी बसून 'उठू नका' म्हणून गयावया करत होतो.

त्यानंतरचा दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. बाबांनी जरा पाय लांब केला, की मी दचके. ते पाणी मागत, की मी बसल्या बसल्या सरकत दिवेवालीकडे जाई आणि तसाच सरकत परत येई. त्यांना ठसका लागला आणि ते किंचित पुढे झुकले, तेव्हा तिघंजण "काय भाव?" म्हणत पुढे आले. मी अंगावर धावून गेलो असतो, पण धावायला उभं राहावं लागतं.

आणि नियतीने त्याच दिवशी माझ्या साहेबांना बाजारात पाठवावं! पाणीपुरवठा कार्यालयात मी त्यांच्या हाताखाली आहे. ते खोलीत आले की मी उभा राहतो, ते गेले तरी जरा वेळ उभाच असतो. ते माझ्यासमोर येऊन थांबले. माझ्या हातात छत्री, मनगटावर सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ, आणि मागे टपून राहिलेला तो छत्रीचा गिऱ्हाईक.

"तुम्ही?" साहेब म्हणाले. "इथे? असे?"

"नमस्कार साहेब," मी जमिनीवरूनच म्हणालो.

साहेब थांबले. मी उठण्याची वाट बघत होते. मी उठलो नाही. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "बरं आहे," ते म्हणाले. "उद्या बोलू." ते वळून गेल्यावर बाबा म्हणाले, "वरिष्ठांसमोर असं बसू नये." माणसाच्या अपमानालाही एक तळ असतो असं मी समजत होतो. तो त्या दिवशी मला सापडला, आणि तो दगडी होता.

उन्हं कलली. कपाटवाला आपली कपाटं ओढत एकेक करून नेऊ लागला. मधली दोन गेल्यावर फटीतून नदी दिसली. मग आणखी एक हललं आणि सगळी नदीच समोर आली, पायऱ्यांवरच्या माणसांसकट. कोणीतरी तावातावाने बोलत होतं, कोणी पाण्यात पाय सोडून बसलं होतं. एक बाई झाकणांच्या ढिगात हात घालून एकेक झाकण बरणीला लावून बघत होती.

बाबा त्या बाईकडे बघत होते. त्यांचे हात खुर्चीच्या हातांवर दाबले गेले, ते मला दिसलं.

"बाबा, नको," मी म्हणालो. "बाबा, बसा. घंटा होईलच आता."

बाबा उठले.

काठी नाही, आधार नाही. उठले आणि ताठ उभे राहिले. ओळीतली सगळी माणसं वळली. पण सगळ्यांच्या आधी कमानीखालचा न्हावी हातातला वस्तरा घेऊनच धावत आला. सकाळपासून त्याचा डोळा खुर्चीवर होता, हे मला आत्ता कळलं. त्याने पाठ रेलून पाहिली, हात दाबून पाहिले आणि भाव सांगितला.

"बसा, बाबा!" मी ओरडलो. "खाली बसा! अजून वेळ गेलेली नाही! त्यांना रीत माहीत नाही हो, म्हातारे आहेत, मी सांगतो, हा सौदा नाही!"

"रीत मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "तुझी आई इथे खरेदी करायची तेव्हा मला पिशवीपाशी बसवून ठेवायची. उठलात तर पिशवी जाईल म्हणायची." मग ते न्हाव्याकडे वळले. "भाव ठीक आहे. पण माझी एक अट आहे."

"बोला, आजोबा."

"खुर्ची इथेच ठेवायची, या कमानीत. तोंड नदीकडे. आणि रोज सकाळी पहिली दाढी माझी."

न्हाव्याने खुर्चीकडे पाहिलं, बाबांच्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं आणि म्हणाला, "कबूल."

बाबा उभेच राहिले. सौदा पक्का झाला. दिवेवालीने टाळी वाजवली.

"रोज?" मी अजून जमिनीवरच होतो. "रोज इथे कसे येणार तुम्ही?"

"पायांनी," बाबा म्हणाले.

न्हाव्याने खुर्ची कमानीत नेली, नदीकडे वळवली, आणि पहिल्या गिऱ्हाइकाला मानाने बसवलं. बाबांनी मान मागे टाकली. तोंडाला फेस लागला, डोळे मिटले गेले. मी बाजूला उभा राहिलो. आता कोणी छत्रीचा भाव विचारला असता तरी मला पर्वा नव्हती.

वस्तरा गालावरून फिरत असताना बाबा डोळे न उघडता बोलू लागले. "ती गेली त्या दिवशी मी खिडकीत बसलो होतो. ती बाजारातून यायची तेव्हा तिथूनच दिसायची. मग बसूनच राहिलो. येणार नाही हे मला कळत होतं रे. मी काही भ्रमिष्ट झालेलो नाही. पण उठलो असतो, तर ती येणार नाही हे मी मान्य केलं असं झालं असतं. तू मला उठा उठा म्हणायचास, त्याचा फार राग यायचा. आज तू पायाशी बसून उठू नका म्हणालास, तेव्हा वाटलं, याला किती दमवलं मी."

न्हाव्याने वस्तरा उचलला आणि तो पुसायला म्हणून पाठ फिरवली. तो बराच वेळ पुसत राहिला. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही. नाहीतरी साहेबांनी पाहिलं त्यापेक्षा वाईट आता कोणी काय पाहणार होतं?

घंटा झाली. आम्ही माणसांच्या दाराने निघालो. जिना उंच होता. बाबा दर चार पायऱ्यांनी थांबत, दम घेत, आणि पुन्हा चढत. मी हात पुढे केला तर त्यांनी तो घेतला नाही, नुसतं मला मागे राहायला खुणावलं. वर पोचल्यावर त्यांनी गुळगुळीत गालावरून हात फिरवला.

"सकाळी मला लवकर उठव," ते म्हणाले.

मी बरं म्हणालो.